अमेरिकेचे परदेशस्थ लष्करी तळ

अमेरिकेचे परदेशस्थ लष्करी तळ : आपल्या हद्दीबाहेर, दुसऱ्या देशाच्या भूमीवर करार किंवा भाडेपट्ट्याच्या आधारे अमेरिकेने उभारलेले विमानतळ, नाविक तळ, छावण्या, दारूगोळ्याची कोठारे, रडार व दळणवळण केंद्रे यांचा समावेश या संज्ञेत होतो. ब्रिटिश साम्राज्याचे तळ बहुतांशी त्याच्याच वसाहतींत होते. अमेरिकेचे तळ मात्र मुख्यतः स्वतंत्र राष्ट्रांत आहेत आणि त्यांचे सारे राजकारण या एका भेदातून निर्माण झाले आहे.

१८९८ च्या युद्धात स्पेनचा पराभव झाल्यावर फिलिपीन्स, ग्वाम व प्वेर्तो रिको अमेरिकेच्या ताब्यात आले, आणि १९०३ मध्ये क्यूबाकडून ग्वांतानामोचा उपसागर भाडेपट्ट्याने मिळाला. १९३४ च्या करारानुसार हा पट्टा उभयपक्षी संमतीशिवाय किंवा अमेरिकेने जागा सोडल्याशिवाय संपुष्टात येत नाही. म्हणूनच क्यूबाचे सरकार वर्षाला सुमारे ४,०८५ डॉलर भाड्याचे धनादेश अनेक दशके न वटवता ठेवत आले, तरी तळ हलला नाही. सप्टेंबर १९४० मध्ये ब्रिटनला ५० जुन्या विनाशिका देऊन अमेरिकेने न्यूफाउंडलंडपासून त्रिनिदादपर्यंतच्या ब्रिटिश प्रदेशांत तळांसाठी ९९ वर्षांचे पट्टे मिळवले. दुसरे महायुद्ध आणि त्यापाठोपाठचे शीतयुद्ध यांमुळे जर्मनी, जपान व दक्षिण कोरिया येथील तळ कायमस्वरूपी झाले.

आजच्या तळांची नेमकी संख्या सांगणे कठीण आहे, कारण एकाच शहरालगतची धावपट्टी, कोठार व रुग्णालय ही एक जागा धरायची की तीन, यावर गणना बदलते. अभ्यासकांच्या २०२१ मधील अंदाजानुसार सुमारे ८० देश व प्रदेशांत मिळून ७५० च्या आसपास स्थळे होती. अलीकडच्या वर्षांत सर्वाधिक, म्हणजे ५० हजारांहून अधिक सैनिक जपानमध्ये राहिले असून त्याखालोखाल जर्मनी व दक्षिण कोरिया यांचा क्रम लागतो.

या तळांचा मूळ हेतू अंतर कमी करणे हा होय. मायदेशातून निघालेल्या सैन्याला इंधन, दारूगोळा, दुरुस्ती व उपचार वाटेतच मिळावे लागतात. अफगाणिस्तान व इराक येथे जखमी झालेले अमेरिकी सैनिक जर्मनीतील रामश्टाइन विमानतळावर उतरवून जवळच्या लांडश्टूल रुग्णालयात नेले जात. बहारीनमध्ये पाचव्या आरमाराचे मुख्यालय आहे, तर कतारमधील अल उदैद तळावरून पश्चिम आशियातील हवाई मोहिमांचे संचालन होत आले. कोरियातील सैन्याचा हेतू थोडा वेगळा आहे : यजमान देशावर हल्ला झाल्यास अमेरिका युद्धापासून दूर राहू शकणार नाही, हे ते सैन्य केवळ तेथे असण्यानेच शत्रूला सांगते. भारतात अमेरिकेचा तळ नाही. २०१६ च्या करारान्वये परस्परांच्या लष्करांना इंधन, दुरुस्ती व रसदीची सोय मिळते, एवढेच.

तळाचे आयुष्य यजमानाच्या संमतीवर अवलंबून असते. फिलिपीन्सच्या सीनेटने सप्टेंबर १९९१ मध्ये १२ विरुद्ध ११ मतांनी नवा करार फेटाळला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेला सुबिक उपसागरातला प्रचंड नाविक तळ सोडावा लागला. मात्र संमती सरकारची असते आणि तळाशेजारी राहणे स्थानिकांच्या वाट्याला येते. जपानच्या भूभागाचा जेमतेम ०.६ टक्के हिस्सा असलेल्या ओकिनावावर, केवळ अमेरिकी सैन्यासाठी राखलेल्या जपानमधील एकूण जमिनीपैकी सुमारे ७० टक्के जमीन आहे. दाट वस्तीने वेढलेला फुतेन्मा विमानतळ परत करण्याचे १९९६ मध्ये ठरले. पण त्याऐवजी हेनोको येथे समुद्रात भर घालून नवा तळ बांधण्यास २०१९ च्या सार्वमतात सुमारे ७२ टक्के मतदारांनी विरोध केल्यावरही बांधकाम चालूच राहिले.

जिथे संमती विचारली जाण्याचा प्रश्नच उद्‍भवला नाही, ते ठिकाण म्हणजे हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया. १९६५ मध्ये ब्रिटनने चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला, १९६६ च्या करारान्वये दिएगो गार्सिया अमेरिकेला तळासाठी उपलब्ध केले, आणि १९७३ पर्यंत नारळाच्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या जगणारे दीड ते दोन हजार चागोसवासी मॉरिशस व सेशेल्स येथे हलवले. त्यांची कुत्रीही मारण्यात आली. याच बेटावरून १९९१, २००१ व २००३ च्या युद्धांत बॉम्बफेकी विमाने उडाली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये ब्रिटनचा ताबा बेकायदेशीर असल्याचे सल्लागारी मत दिले. भारताने मॉरिशसची बाजू सातत्याने घेतली. मे २०२५ मध्ये सह्या झालेल्या तहात सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याचे आणि तळ ९९ वर्षांच्या पट्ट्याने ब्रिटनकडेच ठेवण्याचे कलम आहे. त्यानुसार मॉरिशसला इतर बेटांवर पुनर्वसन करता येईल, दिएगो गार्सियावर मात्र नाही.