कर्नल अद्ययावत केल्यानंतरचे बूट व वीज-व्यवस्थापनातील दोष

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. त्याची नवी आवृत्ती बसवल्यानंतर संगणक सुरूच न होणे, सुरू होताना मध्येच अडकणे, निद्रावस्थेतून परत न येणे किंवा बॅटरी पूर्वीपेक्षा लवकर उतरणे, हे दोष येथे एकत्र विचारात घेतले आहेत. विवेचन मुख्यतः लिनक्सला धरून केले आहे, कारण लिनक्सच्या बहुतेक वितरणांत (वेगवेगळ्या गटांनी जुळवून दिलेल्या तयार संचांत) जुना व नवा कर्नल शेजारीशेजारी राहतात आणि दोष शोधण्याची सारी पद्धत या एका सोयीवर उभी आहे.

बूट होणे, म्हणजे संगणक सुरू होणे, आणि वीज-व्यवस्थापन हे वरवर वेगळे विषय वाटतात, परंतु दोन्हींत कर्नलचा संबंध यंत्राच्या फर्मवेअरशी, म्हणजे यंत्रातच कायम साठवलेल्या मूळ सॉफ्टवेअरशी, थेट येतो. १९९२ मध्ये आलेल्या एपीएम या व्यवस्थेत वीज-व्यवस्थापनाचे निर्णय बहुतांशी बायोस, म्हणजे जुन्या पद्धतीचे फर्मवेअर, घेत असे. १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी मांडलेल्या एसीपीआय मानकाने ते निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमकडे दिले; २०१३ पासून या मानकाची देखरेख यूईएफआय फोरमकडे आहे (यूईएफआय ही बायोसच्या जागी आलेली नवी फर्मवेअर पद्धत). फर्मवेअरमधील एसीपीआय तक्त्यांत केवळ माहिती नसते, तर कर्नलने चालवायचे छोटे कार्यक्रमही असतात. हे तक्ते अनेकदा विंडोज समोर ठेवूनच तपासलेले असतात, म्हणून फर्मवेअरने विचारल्यावर लिनक्सचा कर्नलही विंडोजच्या आवृत्त्यांशी सुसंगत असल्याचे उत्तर देतो. कर्नलने एखादा नियम बदलला की फर्मवेअरमध्ये पहिल्यापासून असलेली चूक एकाएकी वर येते, आणि वापरणाऱ्याला मात्र नवा कर्नलच बिघडलेला दिसतो.

संगणक सुरू होत नसेल तर पहिली कृती एकच : ग्रब या बूटलोडरच्या (कर्नल मेमरीत चढवून सुरू करणाऱ्या कार्यक्रमाच्या) यादीतून आधीचा कर्नल निवडणे. यादी लपवलेली असल्यास यंत्र चालू होताना बायोस पद्धतीत शिफ्ट आणि यूईएफआय पद्धतीत एस्केप कळ सहसा उपयोगी पडते. जुन्या कर्नलवर यंत्र नीट चालले तर डिस्क, मेमरी व इतर भागांवरचा संशय बऱ्याच अंशी दूर होतो. तेही चालले नाही तर शोध बूटलोडर, डिस्क आणि फर्मवेअरकडे वळवावा लागतो. फेडोरा हे वितरण मूळ मांडणीत तीन कर्नल ठेवते, ते याचसाठी. जागा वाचवण्याकरिता जुने कर्नल लगोलग पुसून टाकण्याची सवय म्हणूनच घातक आहे.

त्यानंतर बूट नेमके कोठे थांबते ते पाहायचे. ग्रबमध्ये कर्नलच्या ओळीतील ‘क्वाएट’ व ‘स्प्लॅश’ हे शब्द त्या वेळेपुरते काढले की संदेश पडद्यावर उमटू लागतात. मूळ फाइल-प्रणाली जोडता न आल्याने ‘कर्नल पॅनिक’ झाला, म्हणजे कर्नल पुढे जाऊ न शकून थांबला, तर बहुधा त्या कर्नलची इनिट-रॅम-एफएस प्रतिमा (मूळ डिस्क जोडेपर्यंत लागणाऱ्या फाइलींचा छोटा संच) तयारच झालेली नसते किंवा अर्धवट असते. याचे अगदी नेहमीचे कारण साधे असते : बूटचे विभाजन भरलेले असते आणि अद्ययावत करताना ती प्रतिमा लिहायला जागा उरत नाही. जुन्या कर्नलवरून जागा मोकळी करून प्रतिमा पुन्हा बनवली की काम होते. पडदा काळा राहतो पण यंत्रात जाळ्यावरून (नेटवर्कवरून) प्रवेश करता येतो, अशा वेळी संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर येतो आणि ‘नोमोडसेट’ हा पॅरामीटर (कर्नलच्या ओळीत लिहायची सूचना) देऊन तो पडताळता येतो. कर्नलबाहेरून बसवलेली मॉड्यूल (कर्नलला जोडले जाणारे भाग), उदाहरणार्थ एनव्हिडियाचा ड्रायव्हर, प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावी (कंपाइल करावी) लागतात. डीकेएमएस हे साधन ते काम आपोआप करते, पण बांधणी फसली तर तेवढेच मॉड्यूल मागे राहते. सिक्युअर बूट (सही नसलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर योग्य सही नसलेले मॉड्यूल बांधले गेले तरी कर्नल ते नाकारतो.

मागच्या, फसलेल्या बूटच्या नोंदी जर्नलसीटीएल या आज्ञेने वाचता येतात, मात्र नोंदी डिस्कवर कायम ठेवण्याची व्यवस्था आधी केलेली असली पाहिजे. मूळ फाइल-प्रणाली जोडण्यापूर्वीच यंत्र अडकले असेल तर तिथे काहीच लिहिले जात नाही, आणि पडद्याचे छायाचित्र हाच बऱ्याचदा एकमेव पुरावा उरतो.

निद्रावस्थेचे दोष अधिक अवघड असतात, कारण अडकलेल्या यंत्राचा पडदाही बंद असतो आणि डिस्कही. प्रथम निद्रेचा प्रकार तपासावा. एस३ अवस्थेत मेमरी सोडून जवळजवळ सगळ्याची वीज तोडली जाते, तर एस२आयडल प्रकारात यंत्र चालूच राहून केवळ अत्यंत शांत होते. कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या सिसएफएसमधील ‘मेम-स्लीप’ या फाइलमध्ये चालू प्रकार चौकटी कंसात दिसतो. दोन्ही कर्नलांवर तो वेगळा दिसला तर अर्धे कोडे तिथेच सुटते. पुढचे साधन ‘पीएम-टेस्ट’. त्यात निद्रेची प्रक्रिया टप्प्याटप्प्याने करून पाहता येते : आधी फक्त चालू कार्यक्रम गोठवणे, मग उपकरणे, मग प्लॅटफॉर्म, शेवटी प्रोसेसर व ‘कोअर’ (प्रणालीची मूलभूत उपकरणे). प्रत्येक टप्प्यावर यंत्र साधारण पाच सेकंद थांबून परत येते, आणि ज्या टप्प्यावरून ते येत नाही तिथे दोष सापडतो. ‘पीएम-ट्रेस’ची युक्ती विशेष दाद देण्याजोगी आहे. पुन्हा सुरू केल्यानंतरही टिकणारी जागा म्हणून ती यंत्राच्या घड्याळाचा उपयोग करते आणि शेवटी हाताळलेल्या उपकरणाची खूण वेळेच्या रूपात लिहून ठेवते. त्यामुळे चाचणीनंतर घड्याळ चुकते आणि पुन्हा लावावे लागते. यंत्र निजताच लगेच जागे होत असेल तर जागे करणाऱ्या उपकरणांची यादी पाहून एकेक बंद करून बघावे. हायबरनेशन (मेमरीतील सारे डिस्कवर उतरवून यंत्र बंद करणे) मात्र दोष नसतानाही अडू शकते : २०१९ मधील ५.४ आवृत्तीत आलेला लॉकडाउन (चालू कर्नलमध्ये फेरफार करण्याचे मार्ग बंद करणारी व्यवस्था) सिक्युअर बूटमुळे चालू झाला असेल, तर कर्नल ते मुद्दाम नाकारतो.

बॅटरी लवकर उतरण्याचे जुने पण बोधक उदाहरण २०११ मधील २.६.३८ या आवृत्तीचे आहे. पीसीआय एक्स्प्रेस जोडणीची वीज वाचवणारी एएसपीएम ही सोय आपल्याकडे नाही असे फर्मवेअर सांगत असेल, तर ती पूर्ण बंद करावी असा बदल तीत झाला. प्रत्यक्षात काही यंत्रांचे फर्मवेअर असे सांगत असतानाही उपकरणांवर ती सोय स्वतःच चालू करून ठेवत असे, आणि अशा यंत्रांचा वीजवापर वाढला. २०१२ च्या ३.३ आवृत्तीत धोरण सुधारले : फर्मवेअरने केलेली मांडणी जशी आहे तशी सोडायची. अशा तक्रारींत पॉवरटॉप या वीजवापर मोजणाऱ्या साधनाने दोन्ही कर्नलांवर, सारख्याच कामाच्या वेळी, मोजमाप घ्यावे. केवळ जाणवण्यावर निष्कर्ष काढू नये.

‘एसीपीआय=ऑफ’ हा पॅरामीटर अनेकदा उपाय म्हणून सुचवला जातो, पण तो निदानापुरताच वापरणे योग्य. त्याने यंत्र सुरू झाले तर दोषाची दिशा कळते, परंतु त्याबरोबर बॅटरीची माहिती, निद्रा आणि बऱ्याच यंत्रांवर आपोआप बंद होणेही जाते.

कारण कर्नलमध्येच असेल तर ‘गिट बायसेक्ट’ या आज्ञेने दोषी बदलापर्यंत पोहोचता येते. चांगली व बिघडलेली आवृत्ती सांगितली की ते प्रत्येक वेळी मधला बदल तपासायला देते, त्यामुळे दहा हजार बदलांतून एक शोधायला सुमारे चौदा बांधण्या पुरतात. आधी चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत मोडू नये, हा नियम लिनक्सचे मूळ कर्ते लिनस टॉरवल्ड्स यांनी लिनक्सच्या विकासात कसोशीने जपला आहे, म्हणून नेमका बदल दाखवणाऱ्या तक्रारीला वजन असते. दुरुस्ती येईपर्यंत जुन्या किंवा दीर्घकालीन पाठबळ असलेल्या कर्नलवर काम चालवता येते, आणि ती आल्यावर मध्यंतरी घातलेले पॅरामीटर ग्रबच्या मांडणीतून काढून टाकावे लागतात, नाहीतर पुढच्या दोषाच्या वेळी तेच दिशाभूल करतात.