बँकॉकची देवळं आणि बाजार: दोन्ही एकाच घाटावर कसे वाढले

बँकॉकला जाणारे आपल्याकडचे बहुतेक जण प्लॅन असा करतात की एक दिवस देवळं आणि एक दिवस शॉपिंग, टूरवाले पण तसंच आखून देतात, आणि मला हे दरवेळी खटकतं कारण त्या शहरात या दोन गोष्टी वेगळ्या कधी नव्हत्याच. देवळांवरच्या नक्षीचा मालसुद्धा व्यापाऱ्यांच्या जहाजांतून आलाय, आणि सगळ्यात जुना बाजार कुठून कुठपर्यंत हे सांगायचं तर दोन देवळांचीच नावं घ्यावी लागतात. म्हणून जायच्या आधी मागचं थोडं माहीत असलेलं बरं.

गोष्ट सुरू होते १७६७ पासून. सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची, चारशे वर्षांची राजधानी अयुथ्या बर्मी सैन्याने जाळली, मग ताक्सिन नावाच्या सेनापतीने चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावर थोनबुरीला बस्तान बसवलं, आणि १७८२ मध्ये ताक्सिनची सत्ता गेली तेव्हा चक्री घराण्याचा पहिला राजा, ज्याला पहिला राम म्हणतात, तो गादीवर आला आणि त्याने राजधानी नदीपलीकडे पूर्वेला नेली. हल्ला यायचा तो पश्चिमेकडून, त्यामुळे तीन बाजूंनी नदीचं वळण खंदकासारखं वापरायचं, चौथ्या बाजूने कालवा खणायचा, की झालं बेट. फक्त त्या जागेवर आधीपासून चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती. राजवाड्यासाठी त्यांना उठवलं आणि खाली दक्षिणेला, कोटाबाहेर जागा दिली, वाट साम प्लुएम आणि वाट साम्पेंग या दोन देवळांच्या मधली. हेच साम्पेंग म्हणजे आजच्या चायनाटाउनचं मूळ. गल्ली अजूनही इतकी चिंचोळी आहे की मालाची हातगाडी आली की आपण बाजूच्या दुकानात चढून उभं राहायचं, दुसरा इलाजच नाही.

थायी लोक देवळाला 'वाट' म्हणतात, हा शब्द पालीतून आलेला, अर्थ कुंपण घातलेली जागा, आणि आपला वाडा, वाडी हे शब्दपण त्याच मुळातले. शहराच्या लांबलचक नावाचंही तसंच. बँकॉक हे बाहेरच्यांचं नाव, तिथले लोक क्रुंग थेप म्हणतात, म्हणजे देवांचं नगर, आणि पूर्ण नावात महानगर, अमर, रत्न, इंद्र, अयोध्या, नवरत्न, राजधानी, पुरी हे शब्द उच्चार बदलून एकामागून एक येतात. मराठी माणसाने हळू वाचलं तर अर्धं नाव डिक्शनरीशिवाय कळतं.

आता मुख्य भाग, म्हणजे तिसरा राम, राज्य १८२४ ते १८५१. हा राजपुत्र असतानाच चीनबरोबरच्या व्यापारात मुरलेला, बापाने त्याला चाओ सुआ म्हणजे बडा शेठ असं टोपणनावच दिलं होतं. जाताना जहाजं तांदळासारखा जड माल घेऊन चीनला जायची आणि येताना रेशमासारखा हलका माल असायचा, मग जहाज कलंडू नये म्हणून तळाशी चिनी भांडी आणि दगडी पुतळे भरून आणायचे. ते पुतळे कुठे गेले? देवळांत. वाट फोच्या दारादारांत जे दगडी चिनी योद्धे उभे आहेत ते असेच आलेले, त्यात उंच टोपी घातलेले दाढीवाले गोरे पण आहेत, त्यांना तिथे फरांग म्हणतात, आपला फिरंगी तोच हा.

नदीपलीकडच्या वाट अरुणचं मोठं शिखर दुसऱ्या रामाने सुरू केलं आणि तिसऱ्याने पुरं केलं. लांबून ते करडं-पांढरं दिसतं, फोटोतही तसंच येतं, पण पायऱ्या चढून भिंतीला नाक लावून बघा. ती फुलं रंगवलेली नाहीत, बशा आणि वाट्या फोडून केलेली आहेत, पाकळी म्हणजे ताटलीची कड, मधला भाग म्हणजे अख्खी छोटी बशी, कुठे निळी वेलबुट्टी अर्ध्यातच तुटलेली दिसते. कोणाच्या तरी घरात जेवायच्या पंगतीला जाणारा माल देवाच्या अंगावर गेला. मी तिथे तासभर एकाच भिंतीपाशी होतो आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

याच राजाने वाट यानावा या देवळात जंक म्हणजे चिनी शिडाच्या जहाजाच्या आकाराचा चबुतरा बांधून त्यावर चेदी, म्हणजे स्तूप, उभारले, कारण आगबोटींपुढे जंक टिकणार नाहीत हे त्याला दिसत होतं आणि पुढच्या पिढीला ते कसं होतं हे कळावं अशी त्याची इच्छा होती. व्यापारी जहाजाचं स्मारक देवळात, यापेक्षा वेगळा पुरावा काय द्यायचा.

वाट फोचं अधिकृत नाव वाट फ्रा चेतुफोन. चेतुफोन म्हणजे जेतवन. श्रावस्तीच्या अनाथपिंडक शेठने बागेची जमीन नाण्यांनी झाकून विकत घेतली आणि बुद्धाला दिली ती बाग. इथे ४६ मीटर लांबीच्या निजलेल्या बुद्धामागे भिंतीलगत १०८ कांस्याची भांडी मांडलीत, लोक सुट्टी नाणी घेऊन एकेक टाकत जातात, सगळ्या हॉलभर टिणटिण आवाज चालू असतो. मला तो आवाज ऐकताना पहिल्यांदा अनाथपिंडकच आठवला.

१८५५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या बाउरिंग कराराने राजाची व्यापारातली मक्तेदारी मोडली, आयात जकात ३ टक्क्यांवर आली, तांदूळ बाहेर जायला लागला, आणि परदेशी लोकांनी मागणी केली म्हणून १८६० च्या दशकात चारोएन क्रुंग हा रस्ता झाला. इथून बाजार पाण्यावरून रस्त्यावर यायला लागला. फाहुरातची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. तिथे आधी व्हिएतनामी वस्ती होती, ती १८९८ मध्ये जळाली, पाचव्या रामाने तिथे रस्ता काढला आणि वयाच्या आठव्या वर्षी वारलेल्या आपल्या मुलीचं नाव त्याला दिलं. पुढे पंजाबहून आलेले शीख कापडवाले तिथे स्थिरावले, १९३० च्या दशकात गुरुद्वारा झाला, आज तिथे साड्या, फॉल, जरीच्या लेस असलं सगळं मिळतं. तमिळ लोकांचं मारियम्मन देऊळ मात्र सिलोमला, लोक त्याला वाट खेक म्हणतात.

चतुचकचा बाजार तर सगळ्यांना माहीत आहे. १९४० च्या दशकात पंतप्रधान फिबुन यांनी प्रत्येक प्रांतात बाजार भरवा असा हुकूम काढला, बँकॉकचा भरायचा तो सनाम लुआंगवर, म्हणजे राजवाडा आणि पाचूच्या बुद्धाच्या देवळासमोरच्या मैदानात. १९८२ मध्ये शहराला दोनशे वर्षं झाली तेव्हा मैदान मोकळं केलं आणि बाजार उत्तरेला गेला. चतुचक म्हणजे आपलं चतुर् आणि चक्र, राजा भूमिबोल यांची बारा वर्षांची चार चक्रं, म्हणजे वयाची ४८ वर्षं पूर्ण झाली म्हणून शेजारच्या बागेला दिलेलं नाव, तेच बाजाराला लागलं.

माझं मत विचाराल तर वेळ कमी असेल तर चतुचक सोडा आणि पाक ख्लोंग तलातला जा, वाट फोपासून चालत जाता येतं. तलात म्हणजे बाजार, ख्लोंग म्हणजे कालवा, पाक म्हणजे तोंड. इथे आधी होड्यांवरचा बाजार भरायचा, मग मासळी बाजार आला, आता फुलं. रात्री उशिरा जा. बायका लांब सुईवर मोगऱ्याच्या कळ्या ओवत बसलेल्या असतात, शेजारी झेंडूचे ढीग, आणि एका टोपलीत पांढरी मेणासारखी टोकदार फुलं दिसतात, ती नीट बघा, ती रुईची आहेत. आपल्याकडे शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ जाते, तिकडे फुलाचं नाव 'राक' आणि थायीत राक म्हणजे प्रेम, म्हणून हाराच्या गोंड्यात ते हटकून ओवतात. असे हार पहाटे पिशव्या भरून बाहेर पडतात आणि उजाडेपर्यंत शहरातल्या देव्हाऱ्यांवर, टॅक्सीच्या आरशांवर आणि होड्यांच्या नाळेवर पोचलेले असतात.