ओव्हरराइड की डेट एक्स्क्लूजन? मॅसॅच्युसेट्समधल्या गावांचे दोन करप्रश्न

श्रूजबरी, वेस्टबरो, ॲक्टनकडच्या आपल्या लोकांत दर वसंतात एक वाद ठरलेला असतो. गाव पुन्हा टॅक्स वाढवतंय म्हणे, मग ती अडीच टक्क्यांची मर्यादा गेली कुठे? मर्यादा जागेवरच आहे. १९८० साली मतदारांनीच मंजूर केलेला 'प्रपोझिशन टू अँड अ हाफ' हा तो कायदा. पण ती मर्यादा आपल्या बिलाला नाही, अख्ख्या गावाने मिळून मालमत्ताकरातून किती गोळा करायचं, त्या रकमेला आहे. ती वर्षाला अडीच टक्के वाढू शकते, नव्या बांधकामांचा कर वेगळा. इतरांपेक्षा तुमच्या घराची किंमत जास्त चढली, तर तुमचं बिल अडीच टक्क्यांच्या पुढे खुशाल जातं.

या मर्यादेपलीकडे जायचं तर मतदारांना विचारावं लागतं, आणि विचारायचे मुख्य प्रकार दोन. दोन्ही साध्या बहुमताने मंजूर होतात आणि दोन्हींनी बिल वाढतं. म्हणूनच लोक त्यांना एका मापाने मोजतात.

ओव्हरराइड हा बहुतेक वेळा रोजच्या संसारासाठी असतो: शिक्षकांचे पगार, आरोग्यविमा, पोलीस, वाचनालय. मतपत्रिकेवर नेमका आकडा छापलेला असतो. मंजूर झाला की ती रक्कम मर्यादेच्या पायातच मिसळते आणि पुढच्या वर्षापासून तिच्यावरही अडीच टक्के चढू लागतात. परत काही ती जात नाही. आणखी एक खोच अशी, की ज्या कामासाठी पैसे मागितले, त्याचं बंधन साधारणपणे पहिल्याच आर्थिक वर्षापुरतं असतं.

डेट एक्स्क्लूजन कर्जाला बांधलेलं असतं. नवी शाळा किंवा अग्निशमन केंद्र बांधायला काढलेल्या कर्जाचा हप्ता तेवढा मर्यादेबाहेर ठेवतात. कर्ज फिटलं की जादा कर संपला. गंमत म्हणजे या मतपत्रिकेवर प्रकल्पाचं नाव असतं, रक्कम नसते. 'आकडा लपवलाय' अशी ओरड हटकून होते, पण या प्रश्नाचा नमुनाच तसा आहे. किती कर्ज काढायचं ते टाऊन मीटिंग, म्हणजे गावसभा, ठरवते, तेही दोन तृतीयांश मतांनी. हा प्रश्न मतपत्रिकेवर आणायलाही सिलेक्ट बोर्डाची, म्हणजे गावचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाची, दोन तृतीयांश मतं लागतात. ओव्हरराइडला तिथे साधं बहुमत पुरतं. म्हणजे कायम टिकणारी वाढ मतदारांपुढे आणणं सोपं आणि संपणारी आणणं अवघड! मला हे जरा उलटंच वाटतं.

हिशोब करून पाहू. आकडे कल्पित आहेत. एका गावाने ३० लाख डॉलरचा ओव्हरराइड घेतला. पूर्ण मर्यादेपर्यंत कर लावत गेलं, तर विसाव्या वर्षी तोच तुकडा साधारण ४८ लाखांचा झालेला असतो आणि पुढेही वाढत राहतो. शेजारच्या गावाने ६ कोटी डॉलरचं कर्ज ४ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढलं, दर वर्षी सारखी मुद्दल फेडायची या बोलीवर. पहिला हप्ता ५४ लाखांचा. पण व्याज उतरत जातं, विसावा हप्ता ३१ लाखांच्या आसपास येतो आणि एकविसाव्या वर्षी शून्य. पहिल्या वर्षीचं बिल पाहून मत देणाऱ्याला दुसरं गावच महागडं वाटणार.

श्रूजबरीने दोन्ही अनुभवलंय. नव्या बील शाळेसाठी २०१८ मध्ये डेट एक्स्क्लूजन आणि २०२१ मध्ये ९५ लाख डॉलरचा ओव्हरराइड.

यात फायनान्स कमिटीचं, म्हणजे फिनकॉमचं, काम काय? ती सल्ला देते. सदस्य बिनपगारी आणि गावचेच. टाऊन मीटिंगच्या वॉरंटमध्ये, म्हणजे विषयपत्रिकेत, प्रत्येक खर्चाच्या कलमाखाली तिची शिफारस सहसा छापलेली असते, अनेक गावांत मतांच्या फुटीसकट. 'शिफारस, ५ विरुद्ध ४' दिसलं, की आत वाद झालाय हे समजून घ्यावं. तिच्या स्वतःच्या हातात असतो तो एक छोटा राखीव निधी.

बजेट तपासताना फिनकॉमचा पहिला प्रश्न असतो: हा खर्च एकदाचा की दर वर्षीचा? गेल्या वर्षीची शिल्लक, म्हणजे फ्री कॅश, घालून पगाराचं भगदाड बुजवलं, तर ते पुढच्या जुलैत, नवं आर्थिक वर्ष लागताच, पुन्हा उघडतं. इमारतीसाठी प्रश्न वेगळे. शाळा असेल तर राज्याची स्कूल बिल्डिंग ऑथॉरिटी किती भार उचलणार? तिला विक्रीकरातला डॉलरमागे एक सेंट मिळतो. जुनं कर्ज कधी फिटतंय? ते संपतानाच नवं सुरू केलं तर बिलाला धक्का कमी बसतो.

आणि सगळ्यात टोचणारा प्रश्न, ती इमारत चालवणार कोण? अग्निशमन केंद्र एक्स्क्लूजनवर उभं राहतं, पण तिथल्या जवानांचे पगार नेहमीच्या बजेटमधूनच जातात. आज संपणाऱ्या कराला हो म्हणताना दोन वर्षांनी न संपणारा कर मागितला जाणार का, हे बांधकामाच्या सादरीकरणात बऱ्याचदा नसतं. ते फिनकॉमच्या सुनावणीत विचारावं लागतं. मतदानाला नागरिकत्व लागतं, पण ही सुनावणी सर्वांना खुली असते. एच-वन किंवा ग्रीन कार्डवर राहून इथे मालमत्ताकर भरणाऱ्यांनाही तिथे जाऊन बसता येतं, आणि अध्यक्षांनी परवानगी दिली की बोलताही येतं.