द्राक्ष सरबताच्या तळाशी काच नसते

मागच्या आठवड्यात मिरजेहून मावशीचा फोन आला, आवाजच घाबरलेला. "अगं तू दिलेल्या बाटलीत तळाला काच दिसाय लागलीय, पोरं प्यायली असती म्हणजे? मी सगळं मोरीत ओतलं." अर्ध्या तासात फॅमिली ग्रुपवर फॉरवर्डही आला, की द्राक्षांवर केमिकल मारतात आणि तेच खाली साचतं. मला सरबत वाया गेल्याचं वाईट वाटलंच पण त्याहून जास्त तळाचे ते काचेसारखे खडे गेल्याचं वाटलं, कारण सगळ्या सरबतात मला सगळ्यात आवडते ती गोष्ट तीच.

आधी कृती. तासगावकडची काळी द्राक्षं, सीझन संपत आला की स्वस्त मिळतात ती, दोन किलो. मीठ घातलेल्या पाण्यात ठेवून स्वच्छ धुवायची, जाड बुडाच्या पातेल्यात वाटीभर पाणी घालून मंद गॅसवर दहाबारा मिनिटं, सालं फुटायला लागली की पावभाजीच्या मॅशरनं दाबायची आणि सुती फडक्यातून गाळायचं. साखर चव बघून, चिमूटभर सैंधव, जिरेपूड. कच्चीच मिक्सरला फिरवली तर रस थोड्या वेळात तपकिरी पडतो, सफरचंद कापून ठेवल्यावर पडतं तसाच, कारण फळातलं एक एन्झाइम हवेतला ऑक्सिजन घेऊन रंग बिघडवतं. उष्णतेनं ते निकामी होतं. शिवाय सालीतला जांभळा रंग रसात उतरतो, आणि रंगाबरोबर सालीतलं पोटॅशियमही उतरतं. हे पोटॅशियम लक्षात ठेवा.

आता आंबटपणा. लिंबात सायट्रिक आम्ल, सफरचंदात मॅलिक, हे शाळेत वाचलेलं असतं. द्राक्षात मॅलिक असतंच, पण त्याच्याबरोबर टार्टारिक आम्ल भरपूर असतं आणि एवढं टार्टारिक साठवणारी फळं फार थोडी. त्यातल्या दुसऱ्या फळाचं नाव ऐकून गंमत वाटेल, आपली चिंच! या आम्लाच्या रेणूकडे सोडून द्यायला दोन हायड्रोजन असतात. त्यातला एक सुटला आणि त्या जागी पोटॅशियम आलं की बनतं पोटॅशियम बायटार्टरेट, म्हणजे केकचं सामान मिळतं त्या दुकानात क्रीम ऑफ टार्टर म्हणून विकतात तेच. मावशीची काच ती हीच.

पण मग गरम रसात ती का दिसत नाही? कारण उकळत्या पाण्यात 100 मिलीला हा क्षार सुमारे 6 ग्रॅम विरघळतो आणि 20 अंशाला जेमतेम अर्धा ग्रॅम. फ्रीजमध्ये त्याहून कमी. साखरेशी तुलना करा, ती साध्या पाण्यात 100 मिलीला 200 ग्रॅमपर्यंत जाते. म्हणजे रस गार होताना क्षार तेवढाच राहतो पण त्याला मावून घेण्याची पाण्याची ताकद घटत जाते, आणि जादाचा क्षार अधांतरी अडकतो. लगेच खाली बसत नाही, कारण स्फटिकाची सुरुवात अवघड असते. चार रेणू जुळले तरी परत सुटतात, ठरावीक आकाराचा पुंजका झाला तरच तो टिकतो आणि वाढतो. बाटलीच्या काचेवरचा ओरखडा, गराचा कण, असा काही आधार मिळाला की काम सोपं होतं. उलट रसातलं पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळातला पदार्थ, आणि रंगद्रव्यं वाढत्या स्फटिकाला चिकटून त्याला अडवतात, म्हणून दुसऱ्या दिवशी काही दिसत नाही आणि आठवड्यानं तळ चमकायला लागतो. काळ्या द्राक्षाचे खडे जांभळट असतात तेही यामुळेच, रंग आत अडकलेला असतो.

अजून एक, जरा किचकट आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक हायड्रोजन सुटलेल्या, म्हणजे खडे बनवू शकणाऱ्या रेणूंचं प्रमाण पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण 3.7 ला सगळ्यात जास्त असतं. रस त्याहून आंबट असेल तर दोन्ही हायड्रोजन जागेवर राहणारे रेणू वाढतात, कमी आंबट असेल तर दोन्ही सुटलेले. द्राक्षाचा रस नेमका याच्या आसपास असतो. म्हणून लिंबू पिळलं की पीएच उतरतो आणि खडे कमी पडतात.

घरी तपासायचं असेल तर सोपं आहे. खडे गाळून गार पाण्यात टाका. साखर असेल तर ढवळल्यावर गायब होईल, हे बहुतेक तसेच राहतील. मग पाणी उकळा, हे विरघळतील, काच कधीच विरघळणार नाही. त्या गरम पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की फसफसून येतं.

या टार्टारिक आम्लानं रसायनशास्त्राला केवढं काय दिलंय! 1848 मध्ये पंचविशीतला लुई पाश्चर याच कुळातल्या एका आम्लाच्या क्षाराचे स्फटिक भिंगाखाली बघत होता. त्याला दिसलं की त्यात दोन जातीचे आहेत, एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असावेत तसे, डाव्या-उजव्या हाताच्या पंजासारखे. त्यानं ते हातानं निवडून वेगळे केले, तांदूळ निवडतात तसे, आणि पाण्यात विरघळवून बघितलं तर एका जातीनं ध्रुवीकृत प्रकाश, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश, उजवीकडं वळवला, दुसऱ्या जातीनं डावीकडं. रेणूलाही डावं-उजवं असतं हे तिथून कळलं. त्या आम्लाचं नाव रेसिमिक, आणि ते ज्या लॅटिन शब्दावरून आलं त्याचा अर्थ द्राक्षाचा घड.

फॉरवर्डबद्दल एवढंच, की बागेत फवारणी होते हे खरंय, म्हणून द्राक्षं नीट धुवायचीच. पण त्या औषधाचे बाटलीत असे खडे बनत नाहीत. द्राक्षावरची पांढरट साय तर वेलीनंच बनवलेलं मेण असतं, तेही लोक विष म्हणून दाखवतात आणि बागायतदाराच्या वर्षभराच्या कष्टावर पाणी ओततात याचा मला खरंच राग येतो. तसंच या सरबतानं रक्त शुद्ध होतं वगैरेही काही नाही. गार, गोड, आंबट लागतं, पाणी आणि थोडं मीठ पोटात जातं, आणि शुगर असलेल्यांनी बेतानं घ्यावं.

मावशीला नवीन बाटली दिलीय. तिला सांगितलंय की खडे दिसले तर वरचं सरबत अलगद ओतून घे आणि तळ मला परत पाठव. माझ्या बाटलीत मी मागच्या वेळचे जपून ठेवलेले खडे चिमूटभर टाकलेत, आधार मिळाल्यावर किती लवकर बसतात बघायला. आज दुसरा दिवस आहे आणि तळाला बारीक चमक दिसायला लागलीय.