साथवादक (गायक-गीतकारांच्या दौऱ्यांतील)

स्वतः गाणी लिहून ती स्वतःच गाणाऱ्या कलावंताबरोबर शहरोशहरीच्या कार्यक्रमांत जे वादक आणि सहगायक साथीला असतात, त्यांना साथवादक म्हणतात. ड्रम, बेस (खालच्या स्वरांची गिटार), एक-दोन गिटार आणि पियानो किंवा ऑर्गन एवढा ताफा बहुधा असतोच. कुणाबरोबर व्हायोलिन, सॅक्सोफोन किंवा पेडल स्टील गिटारही (आडवी ठेवून वाजवायची, पायपट्ट्यांची गिटार) असते. तिकिटावर नाव एकट्या गायकाचे छापलेले असते. त्यामुळे साथवादकांचे काम रात्रभर कानावर पडूनही अनेकांच्या लक्षात येत नाही.

या साथीचे मर्म शब्दांशी निगडित आहे. अशा गाण्यात श्रोता ओळ ऐकायला आलेला असतो, म्हणून ओळ चालू असताना वादकाने हात राखून वाजवायचे असते. संथ गाणे सुरू झाले की ड्रमवादक काठ्या बाजूला ठेवून ब्रश उचलतो आणि स्नेअरच्या (समोरच्या छोट्या ड्रमच्या) कातड्यावर ते नुसते फिरवत राहतो. बेसवादक मूळ स्वर धरून थांबतो. गिटारवादक गायकाने श्वास घेतला की तेवढ्या जागेत तीन-चार स्वर टाकतो आणि पुढचा शब्द यायच्या आत बाजूला होतो. काय वाजवले नाही, हे ऐकता आले तरच या वादकांची खरी पारख होते. लांबलचक एकलवादनाला टाळ्या सहज पडतात, पण त्यावरून चांगला साथवादक ओळखता येत नाही.

दुसरी अडचण लयीची. एकट्याने गिटार घेऊन गायची सवय असलेला गायक एखादा शब्द ओढतो, एखादी मात्रा जास्त घेतो, कधी कडवेच आधी उचलतो. एकटा असताना ते खपून जाते. पाच-सहा जण बरोबर असले की सगळ्यांना त्याच क्षणी वळावे लागते. म्हणून ड्रम आणि बेस वाजवणाऱ्यांची नजर गायकाच्या उजव्या हातावर खिळलेली दिसते. बॉब डिलन मैफलीत जुन्या गाण्यांची लय आणि बांधणी सतत बदलतात. त्यांच्या ताफ्यात १९८९पासून बेसची बाजू सांभाळणारे टोनी गार्निये यांचे मोल यावरून कळावे.

डिलन यांच्याच १९६५-६६च्या दौऱ्यांनी साथवादकांची परीक्षा पाहिली. लोकसंगीताच्या चाहत्यांना विजेची गिटार खपेना आणि ‘द हॉक्स’ या साथवृंदाला जागोजागी हुर्यो ऐकावी लागली. ड्रमवादक लेव्हॉन हेल्म १९६५च्या अखेरीस कंटाळून निघून गेले. १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरमध्ये प्रेक्षागृहातून डिलन यांना ‘जूडस’ (येशूचा विश्वासघात करणारा शिष्य) अशी हाक आली, ती प्रसिद्धच आहे. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण ऐकावे: गार्थ हडसन यांचा ऑर्गन आणि रॉबी रॉबर्टसन यांची गिटार गाण्याला तसूभरही सोडत नाहीत. हेच वादक, हेल्म परतल्यावर, पुढे ‘द बँड’ म्हणून स्वतंत्रपणे नावाजले.

१९७०च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये या कामात मुरलेल्या वादकांची एक फळीच तयार झाली. लीलंड स्क्लार (बेस), रस कुंकेल (ड्रम), डॅनी कोर्टचमार (गिटार) आणि क्रेग डॉर्गी (की-बोर्ड) यांनी जेम्स टेलर, कॅरोल किंग, जॅक्सन ब्राउन अशा अनेकांना साथ केली. ब्राउन यांचा १९७७चा ‘रनिंग ऑन एम्प्टी’ हा अल्बम दौऱ्यावरच ध्वनिमुद्रित झाला, काही गाणी रंगमंचावर, तर काही हॉटेलच्या खोलीत आणि धावत्या बसमध्ये. बसमधल्या गाण्यात कुंकेल यांनी पायाच्या ड्रमऐवजी पुठ्ठ्याचे खोके वाजवले आहे, आणि ठेका तरीही पक्का आहे. जोनी मिचेल यांची वाट निराळी. त्यांच्या गिटारची स्वरजुळणीच नेहमीपेक्षा वेगळी असल्याने त्यांनी जॅझ वादकांकडे मोर्चा वळवला. १९७९च्या दौऱ्यात जॅको पास्टोरियस, पॅट मेथेनी, लाइल मेज, मायकेल ब्रेकर आणि डॉन अलायस हे त्यांच्या साथीला होते. इथे बेस मागे न राहता गळ्याशी बोलतो. हात राखण्याचा नियम इतक्या सुंदर रीतीने मोडलेला क्वचितच ऐकायला मिळतो.

कार्यक्रमाच्या मध्यावर किंवा शेवटी साथीदारांची नावे घेण्याचा प्रघात सर्वत्र आहे. बहुतेक ठिकाणी तो घाईने उरकला जातो. लेनर्ड कोहेन यांनी २००८पासूनच्या दौऱ्यांत त्याला कार्यक्रमाचाच भाग केले. रॉस्को बेक, नील लार्सन, शॅरन रॉबिन्सन, वेब भगिनी, प्रत्येकाची ओळख ते सावकाश आणि आदराने करून देत. स्पॅनिश वादक हाविएर मास बांदुरिया किंवा लाउद ही स्पॅनिश तंतुवाद्ये छेडू लागले की सत्तरी ओलांडलेले कोहेन डोक्यावरची हॅट काढून छातीशी धरत आणि त्यांच्याकडे वळून ऐकत राहत. कधी गुडघ्यांवर बसत. गायकाची नजर जिकडे, तिकडे सभागृहाचे कान जातात. त्यामुळे श्रोत्यांना इतके मनापासून ऐकायला लावणारा दुसरा गायक दाखवणे कठीण.

संस्थांकडून मिळणारी दाद मात्र उशिरा आली. अमेरिकेतील ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने साथवादकांसाठी स्वतंत्र विभाग २०००मध्ये सुरू केला, पहिल्या वर्षी हॅल ब्लेन, किंग कर्टिस, जेम्स जेमर्सन, स्कॉटी मूर आणि अर्ल पामर यांची निवड झाली. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांना तेथे १९९९मध्ये एकट्यालाच प्रवेश मिळाला होता. १९७२पासून त्यांच्यासोबत असलेल्या ई स्ट्रीट बँडला तो २०१४मध्ये मिळाला. तोवर ऑर्गनवादक डॅनी फेडरिची (मृ. २००८) आणि सॅक्सोफोनवादक क्लॅरन्स क्लेमन्स (मृ. २०११) हयात नव्हते. क्लेमन्स यांची जागा २०१२च्या दौऱ्यापासून त्यांचे पुतणे जेक सांभाळत आहेत.