एक महिन्याचं भाडं दलाली: कायदा की रिवाज?

“भाड्याच्या घरासाठी एक महिन्याचं भाडं दलाली द्यायची, असा कायदाच आहे. करार नवा केला की पुन्हा तेवढीच.” हा मजकूर कित्येक वर्षं फिरतोय. सांगलीत विश्रामबागला खोली शोधणाऱ्या मुलांच्या पालकांनाही तो खरा वाटतो. वाटणारच, कारण जो तो तेवढेच मागतो.

पण तो रिवाज आहे, कायदा नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ सरकारी संकेतस्थळावर मराठीत फुकट वाचता येतो. त्यात दलालीचा दर शोधून पाहा, सापडणार नाही. कलम ५५ आहे ते करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याबद्दल, आणि ती जबाबदारी घरमालकाची.

मग दलाली ठरते कशावर? तुमच्या-त्यांच्या बोलण्यावर. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार तोंडी करारही धरला जातो, म्हणून “कागद नाही, देणार नाही” हेही बरोबर नाही. एजंटाने घर दाखवलं, तुम्ही ते घेतलं, तर त्याच्या कष्टाचा मोबदला त्याला मिळायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं. नूतनीकरणाचं तसं नाही. आधी ठरलं नसेल आणि त्याने नवं काही काम केलं नसेल, तर पुन्हा पूर्ण दलाली कशाची, हे जरूर विचारा.

मुद्रांक शुल्क नि नोंदणी फी सरकारजमा होते. त्यांची पावती वेगळी मागा. आणि घर बघायला निघण्याआधीच रक्कम, कधी द्यायची आणि नूतनीकरणाचं काय, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या.