पात्रसाम्य (फाल्गुनरावाच्या संदर्भात)

दोन वेगळ्या कलाकृतींतील पात्रे स्वभावाने, परिस्थितीने किंवा वागण्याने एकमेकांसारखी भासणे म्हणजे पात्रसाम्य. साम्य दिसले की ‘हे तिकडून उचलले’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण नुसत्या स्वभावावरून उसनवारी सिद्ध होत नाही. बायकोवर संशय घेणारा नवरा कुठल्याही भाषेच्या नाटकात आढळतो, कारण तो कुठल्याही गल्लीत आढळतो. पुरावा बहुधा एखाद्या फुटकळ वस्तूत असतो. मराठीत याचे उत्तम उदाहरण म्हणजे गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संशयकल्लोळ’ नाटकातला संशयी नवरा फाल्गुनराव, आणि ती वस्तू म्हणजे तसबीर.

या तसबिरीचा माग १६६० साली पॅरिसमध्ये रंगभूमीवर आलेल्या फ्रेंच नाटककार मोलियरच्या ‘स्गानारेल’ या एकांकी पद्य-प्रहसनापर्यंत जातो. सेली ही तरुणी प्रियकराची छोटी तसबीर हातात असतानाच मूर्च्छित होते. तसबीर खाली पडते. शेजारचा स्गानारेल तिला सावरतो, ते त्याची बायको खिडकीतून पाहते आणि व्हायचा तो समज करून घेते. ती खाली येते तोवर रस्ता मोकळा झालेला असतो. पडलेली तसबीर उचलून ती न्याहाळते, तिचा छान वास येतो म्हणून नाकाशी नेते. नेमका त्याच क्षणी परतलेल्या नवऱ्याला वाटते, ही त्या चित्रातल्या पुरुषाचा मुका घेते आहे! पुढे तीच तसबीर स्गानारेलच्या हातात पाहून सेलीचा प्रियकरही गोंधळतो. म्हणजे एका वस्तूवर चौघांचे संशय उभे राहतात. सूड घ्यायला चिलखत चढवून निघालेला स्गानारेल प्रतिस्पर्धी समोर येताच ‘पावसासाठी घातलंय’ अशी सारवासारव करतो. भित्रेपणाचे इतके नेमके चित्र क्वचितच सापडेल.

या प्रहसनाच्या आधारे आर्थर मर्फी याने ‘ऑल इन द राँग’ हे पाच अंकी इंग्रजी नाटक लिहिले. ते १७६१ मध्ये लंडनला झाले. मर्फीने स्गानारेलचा सर जॉन रेस्टलेस केला. मोलियरच्या नाटकात स्गानारेलच्या बायकोला स्वतःचे नावही नव्हते. मर्फीच्या हाती ती लेडी रेस्टलेस झाली आणि संशयाच्या बाबतीत नवऱ्याच्या तोडीस तोड ठरली. देवलांनी मर्फीवरून १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले. पुढे त्याचेच ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले. मूळ गोष्ट मोलियरची असली, तरी फाल्गुनरावाला स्गानारेलचा थेट वारस म्हणणे घाईचे होईल. फाल्गुनरावाची बायको कृत्तिका नवऱ्याइतकीच संशयी आहे आणि नाटकातला प्रियकर अश्विनशेठही त्यांच्या पंगतीला बसणाराच. संशयाची ही वाढीव भर मर्फीची आहे. प्रभाव शोधताना मूळ लेखकाइतकाच मधला दुवाही पाहावा लागतो, तो असा.

उलट बाजूने पाहिले, तर इंग्रज नाटककार बेन जॉन्सनच्या १५९८ मधील ‘एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर’ या नाटकातील किटली हा व्यापारीही बायकोबद्दल असाच झुरतो. स्वभावाने तो स्गानारेलचा सख्खा भाऊ शोभेल. पण त्याच्या गोष्टीत तसबीर नाही, मूर्च्छा नाही आणि खिडकीही नाही. त्यामुळे ते नाते नमुन्याचे, घराण्याचे नव्हे. नावाचेही तसेच. मोलियरने पुढे ‘स्गानारेल’ हेच नाव इतर नाटकांत कधी डॉन जुआनच्या नोकराला, कधी सक्तीने वैद्य बनलेल्या लाकूडतोड्याला दिले. नाव एक आणि माणसे वेगळी, म्हणजे पात्रसाम्याची उलटी बाजूच.

देवलांच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ (१८९०) हे नाटक त्यांनीच लिहिले होते. तिथे संशय रुमालावरून, इथे तसबिरीवरून. तिथे खून, इथे खोखो हसू. मत्सरी नवऱ्याची दोन्ही टोके त्यांनी तीन-चार वर्षांच्या अंतराने हाताळली. म्हणून झुंझारराव आणि फाल्गुनराव यांना जुळे म्हणायला मात्र मी धजणार नाही. झुंझाररावाच्या कानात कोणीतरी विष ओतते, फाल्गुनरावाला ते स्वतःच कालवून प्यायची सवय आहे.

उसने काय घेतले यापेक्षा काय घेता आले नाही, हे पाहणे अधिक बोलके असते. घरंदाज अविवाहित मुलगी प्रियकराची तसबीर बाळगते, हे त्या काळच्या मराठी प्रेक्षकाला पटणारे नव्हते. देवलांनी नायिका रेवती ही मघा नायकिणीची मुलगी केली. त्याबरोबर गाणे-बजावणे, नायकिणीच्या घराची ऊठबस आणि लग्नाचा वेगळाच पेच नाटकात आला. मर्फीची नायिका बेलिंडा या अडचणीपासून मुक्त होती. शिवाय फाल्गुन, अश्विन, वैशाख, भादव्या हे महिने आणि कृत्तिका, रेवती, मघा ही नक्षत्रे यांनी सगळे पंचांगच रंगमंचावर आणले. रेस्टलेस या नावाने स्वभाव आधीच सांगून टाकला होता; फाल्गुन म्हटल्यावर मराठी माणसाला आठवतो तो शिमगा.

देवल १९१६ च्या जूनमध्ये वारले. त्याच वर्षी पुढे गंधर्व नाटक मंडळीने ‘संशयकल्लोळ’ रंगमंचावर आणले. बालगंधर्व रेवती झाले आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव.